हजरतगंजची हिरवळ

लखनऊच्या हजरतगंजात जुन्या कोठ्यांपुढे कातरून सपाट केलेली जी हिरवळ दिसते, ती नवख्या पाहणाऱ्यास नवाबी विलासाचा अवशेष वाटते. वस्तुतः ती नवाबीच्या अस्तानंतरची आहे. सादत अली खानाने आपल्या कारकीर्दीत (१७९८ ते १८१४) ह्या बाजूस कोठ्या उठविल्या आणि पुढे अमजद अली शाहाच्या ‘हजरत’ ह्या उपाधीवरून पेठेस नाव मिळाले. १८४७ साली तो वारला तेव्हा येथल्याच सिब्तैनाबादच्या इमामबाड्यात त्याचे दफन झाले. परंतु ह्या सबंध काळात बाग म्हणजे फळझाडांच्या रांगा, पाटाचे पाणी व फुलांनी दाटलेले चौकोनी वाफे, असाच शिरस्ता होता. गवत होते ते घोड्यांसाठी. ज्याला तिकडे दूब म्हणतात ती आपली हरळी घसियारा, म्हणजे गवत कापून नेणारा, खुरप्याने मुळासकट खरवडून, माती झटकून तबेल्यात नेऊन टाकी, आणि ते केवळ पाहण्यासाठी राखावे ही कल्पना त्याला खचितच विक्षिप्त वाटली असती. पेशवाईतही सरकारी पागांसाठी कुरणे राखून ठेवीत, ती ह्याच व्यवहारी दृष्टीने.

हजरतगंजच्या जवळच असलेल्या सिकंदरबागेचा वृत्तान्त ह्या संदर्भात विसरता येत नाही. वाजिद अली शाहाने उंच भिंतींच्या आत नटविलेल्या ह्या उद्यानात १६ नोव्हेंबर १८५७ रोजी जे युद्ध झाले, त्यात सुमारे २,००० शिपाई मारले गेले; फेलिचे बेआतो ह्या छायाचित्रकाराने १८५८ साली घेतलेल्या चित्रात आवारभर विखुरलेल्या मानवी अस्थी दिसतात. त्याच वर्षी मार्चमध्ये शहर इंग्रजांच्या हाती परत जाताच रॉबर्ट नेपियर ह्या लष्करी अभियंत्याने जी योजना आखली, तिच्या अन्वये दाट वस्तीतून रुंद रस्ते फोडण्यात आले व मच्छीभवनाच्या किल्ल्याभोवतीची घरे पाडून मैदान मोकळे करण्यात आले, कारण तोफेच्या माऱ्याला आडोसा नको होता. नवाबी मिळकती जप्त होऊन नजूल, म्हणजे सरकारी मालकीच्या, ठरल्या. रमणीयतेच्या नावाखाली जे आखूड गवत पुढे कचेऱ्यांपुढे व साहेबांच्या बंगल्यांपुढे पसरले, त्याच्यामागे ह्या बंदोबस्ताची सवय काही अंशी तरी असावी असे मला वाटते; दृष्टीच्या टप्प्यात काहीही उंच उगवू द्यायचे नाही, हा नियम दोहोंनाही समान आहे.

एडविन बडिंगने १८३० साली इंग्लंडात गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि हिंदुस्थानात ते यंत्र बैलांकडून ओढून घेण्याची युक्ती निघाली. ह्या अभिरुचीचा प्रताप आग्र्यास अधिक ठळक दिसतो: ताजमहालाच्या बागेतील दाट झाडी काढून तेथे इंग्रजी धर्तीची हिरवळ आली ती व्हाइसरॉय कर्झनच्या अमदानीत, आणि आज प्रवासी तीच मोगलांची समजून तिचे छायाचित्र घेतात.

आता काळाचा विनोद असा की, ज्या देशाने ही हिरवळ जगास दिली, त्याच देशात १९३० नंतरच्या अर्धशतकात फुलांच्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के नाहीशी झाली, आणि तेथील लोक अंगणातले गवत वाढू देऊन त्यात रानफुले आणू पाहत आहेत. हा छंद लखनऊच्या एखाद्या कोठीत उतरवायचा झाल्यास मात्र आधी माती ओळखली पाहिजे. आमच्या साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर भाद्रपदात जो पुष्पसंभार दिसतो, तो जांभ्या खडकावरील पातळ व निकस मातीमुळे. तेथे जोमदार गवताला पोषणच मिळत नाही, म्हणून तेरड्यासारख्या चिमुकल्या वनस्पतींना जागा मिळते. गोमतीची गाळवट जमीन नेमकी ह्याच्या उलट: ती सुपीक आहे, आणि सुपीक जमिनीत हरळी इतर सर्वांचा गळा दाबते. म्हणून येथे फुलांचे बी शिंपडण्याआधी खत बंद करणे आणि कापलेले गवत जागीच कुजू न देता उचलून नेणे, ही दोन कामे अगत्याची. पूर्वी हे दुसरे काम घसियारा आपसूक करी. घोडे गेले आणि गवत न्यायला कोणी उरले नाही.

एवढे केले तर पुष्कळसे आपोआप येते. पाऊस पडताच नखाहून लहान निळे फूल घेऊन विष्णुक्रांता भुईवर पसरते. आंबुशीची उभी शेंग पिकल्यावर बोट लागताच फुटते आणि बिया हातभर दूर उडवते. आणि माळी ज्याला हाडवैरी मानून कुदळीने उपटून काढतात तो नागरमोथा, ज्याच्या गाठीदार मुळांचे अत्तर कनोजच्या भट्ट्यांवर निघते, तोही डोके वर काढतो. सिकंदरबागेच्या शेजारी कैलासनाथ कौल यांनी उभारलेले वनस्पति-उद्यान १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेले व १९७८ पासून ते राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते; तेथल्या शेवंतीच्या प्रदर्शनास गर्दी लोटते, पण कडेच्या तणाकडे वाकून पाहणारा विरळा.

नुसते मोकाट सोडणे म्हणजे कुरण करणे नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे ज्याची नोंद झाली ते गाजरगवत आज उत्तर हिंदुस्थानातल्या प्रत्येक पडीक जागेत माजले आहे, आणि न राखलेल्या हिरवळीत पहिले तेच शिरते. ते फुलण्यापूर्वी, पावसाने माती भिजलेली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढावे, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. उरलेल्या गवतावर विळा चालवायचा तो बी झडून गेल्यावर, कार्तिकात.