सळई-उपट चाचणी
काँक्रीटने सळईला धरलेली पकड मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. भारतात ती आयएस 2770 (भाग 1, 1967) या मानकानुसार करतात. काँक्रीटच्या ठोकळ्यात मधोमध रोवलेली सळई यंत्राने ओढली जाते. मोकळ्या टोकाला टेकवलेला डायल गेज ती किती सरकली ते दाखवतो. ओढीच्या बलाला सळईच्या रुतलेल्या पृष्ठफळाने भागले की सरासरी बंध-प्रतिबल मिळते. गुळगुळीत सळई निमूटपणे सरकत बाहेर येते. कंगोरेदार सळईचे कंगोरे काँक्रीट आतून फाकवतात आणि पुष्कळदा ठोकळाच तडकतो. आयएस 456 (2000) मध्ये कंगोरेदार सळयांना 60 टक्के जादा बंध-प्रतिबल धरले आहे. चाचणीचे आकडे मात्र जपूनच वापरावेत. ओढताना ठोकळ्याचे काँक्रीट आधारपट्टीवर दाबले जाते. तुळईत ताणाच्या सळईभोवतीचे काँक्रीटही ताणात असते. त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा पकड बरीचशी फुगून दिसते.