रविवारच्या सुट्टीची दरखास्त

इ. स. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली, दोन वर्षांत ताडदेव येथे तिची चाती फिरू लागली, आणि पुढील तीस वर्षांत या बेटावर धुराड्यांची जी दाटी झाली तिच्या वैभवाची वर्णने कंपन्यांच्या ताळेबंदांतून व धनिकांच्या चरित्रांतून विपुल आढळतात. परंतु रत्नागिरी, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून पोटामागे आलेल्या ज्या कुणब्या-मराठ्यांनी ती चाती फिरविली, त्यांनी स्वतः काय मागितले, हे पाहू गेल्यास एका सामान्य कारकुनी पेशाच्या गृहस्थाकडे वळावे लागते. ते गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

विजेचे दिवे गिरण्यांत येण्यापूर्वी कामाचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा असे, म्हणजे उन्हाळ्यात तो आपोआपच लांबे. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणांचे मोजके दिवस काय ते मोकळे मिळत. कामावर घेणे आणि काढणे मुकादमाच्या हाती, त्याची दस्तुरी वेगळी. पगार महिना उलटून गेल्यावर आणि तोही मालकाच्या सवडीने. यंत्रात हात सापडला तर दादही नव्हती आणि दाम तर नव्हतेच.

सरकारने 1875 मध्ये चौकशीमंडळ नेमले आणि 1881 मध्ये पहिला कारखाना कायदा केला, त्यामागे केवळ करुणा होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मुंबईचे स्वस्त सूत लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना खुपू लागले होते, व हिंदी मजुरांच्या हालांचा त्यांना आलेला कळवळा व्यापाराच्या हिशेबापासून अलिप्त नव्हता. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे मनापासून कळकळणारे पुरुष याच शहरात होते. तथापि देशी धंद्याच्या अभिमान्यांना हा कायदा म्हणजे परक्यांनी आपल्या उद्योगावर घातलेला घालाच वाटला. सातापासून बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांवर राबवू नये, एवढेच त्या कायद्याचे मुख्य सार, आणि शंभरांहून कमी माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागूही नव्हता. प्रौढांच्या तासांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. मँचेस्टर आणि मुंबई यांच्या या वादात ज्याच्या नावाने वकालत चालली होती, त्या मजुराची जबानी मात्र कोणी घेतली नव्हती.

ही जबानी सरकारदरबारी दाखल करण्याचे श्रेय लोखंडे यांचे. ठाण्यास 1848 मध्ये जन्मलेले, मांडवीच्या एका गिरणीत नोकरी केलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यास 1877 मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी 1880 मध्ये मुंबईस आणून चालविले. सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत व भायखळ्यास कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाहाव्या, त्यांत कोठेही अतिशयोक्ती नाही: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, अपघातात जायबंदी झालेल्यास काही निर्वाहवेतन असावे. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मोकळा असावा, असा युक्तिवादही लोखंडे यांच्या नावे सांगितला जातो. बहुजनांच्या कुलदैवताचा दाखला त्यांना सुचला असेल तर त्यात नवल नाही.

मालक सहा वर्षे बधले नाहीत. अखेर 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन स्त्रियांनी भाषणे केली. माझ्या दृष्टीने त्या दिवसाची हीच सर्वांत मोठी घटना होय; ज्या समाजात सुशिक्षित घराण्यांतील स्त्रियाही क्वचितच सभेत बोलत, तेथे गिरणीतील बाया हजारो पुरुषांसमोर उभ्या राहून आपल्या श्रमाचा हिशेब मागत होत्या. सतरा हजार सह्यांचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि 10 जून 1890 रोजी संघाने रविवारची सुट्टी मंजूर केली.

लोखंडे यांच्या कामगार संघाला ना नियम, ना वर्गणी, ना सभासदांची यादी, असा शेरा पुढे सरकारी अहवालात उमटला, आणि तो खोटाही नव्हता. पण बहुसंख्य निरक्षर, मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या सतरा हजार माणसांनी मालकाच्या नजरेस पडेल अशा कागदावर आपले नाव घालू दिले, यात जे धैर्य होते ते वर्गणीच्या पावत्यांत मोजण्याचे नव्हे.

1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती सर्वत्र बंधनकारक केली, स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचा सात तासांवर आणला. लोखंडे 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे लागले, मावळतीची नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली आणि दिवस पुन्हा लांबत गेला. प्रौढ पुरुष कामगारास बारा तासांचे कायदेशीर बंधन मिळावयास 1911 साल उजाडले, आणि तेही केवळ कापडाच्या गिरण्यांपुरते.