टायब्रेकरची कुळकथा

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांच्या हिशेबाने चालतो, हॉकीचा ६० मिनिटांच्या, आणि क्रिकेटच्या कसोटीलाही पाचव्या दिवसाची सायंकाळ ही ठरलेली सीमा आहे. टेनिसला मात्र अशी मुदत कोणी कधी घालून दिली नाही. अखेरचा गुण जिंकल्यावाचून सामना जिंकता येत नाही, गेम जिंकण्यास दोन गुणांची आणि सेट जिंकण्यास दोन गेमची आघाडी लागते, हा दंडक या खेळाच्या बाल्यावस्थेतच रुजला, आणि त्याचा तर्कशुद्ध परिणाम असा की दोन तुल्यबळ खेळाडू एकमेकांना वश न झाले तर त्यांचा सेट कधीच संपू नये. कायद्याने दिलेली ही अनंतता उपभोगायची कोणी, तर ज्यांच्या स्नायूंना, रक्ताला आणि श्वासाला अंत आहे अशा माणसांनी. टायब्रेकरच्या नियमाची जन्मकथा म्हणजे अमर्याद कायदा आणि मर्यादित देह यांच्यातील जुन्या तंट्याची हकीकत होय. आणि त्या तंट्याचा संपूर्ण निकाल लागण्यास, पहिली विम्बल्डन स्पर्धा १८७७ साली झाली तेथपासून मोजले तर, जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

या तंट्यातील देहाची बाजू प्रथम नीट समजून घेतली पाहिजे, कारण प्रेक्षकांच्या जागेवरून ती सहसा पुरती दिसत नाही. टेनिसच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो एकूण वेळेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकाच. बाकीचा वेळ दोन गुणांमधील विसाव्यात आणि बाजू बदलण्यात जातो. एवढ्यावरून हा खेळ सुखासीन आहे असा समज कोणी करून घेतला, तर तो साफ चुकीचा ठरेल. लांब पल्ल्याचा धावपटू एका लयीत धावतो आणि त्याचे शरीर त्या लयीला सरावते. टेनिसपटूला ती लय कधीच लाभत नाही. उभ्या जागेवरून एकदम झेपावणे, पूर्ण वेगात असता पाय रोवून थांबणे, कमरेतून वळून पुन्हा उलट दिशेला धावणे, हे त्याला चार-पाच तासांत शेकडो वेळा करावे लागते, आणि थांबण्याच्या त्या क्षणी मांडीच्या स्नायूंवर पडणारा ताण त्यांचे तंतू आतून दुखावतो, ज्याची भरपाई एका रात्रीच्या झोपेने होत नाही. उष्ण हवेत काही खेळाडूंच्या अंगातून तासाला दोन लिटरांहून अधिक घाम जातो आणि त्या घामाबरोबर मीठही जाते. स्नायूंत साठवलेली साखर तीन-चार तासांच्या जोरकस श्रमांत बरीचशी खर्ची पडते. मग पोटऱ्यांत गोळे येतात, हाताची पकड सैल पडते, आणि ज्या चेंडूपर्यंत पहिल्या सेटमध्ये सहज पोचता आले असते तो दोन बोटांनी हुकतो.

थकव्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि अतिदीर्घ सामन्यांचे रहस्य माझ्या मते त्यातच आहे. सर्व्हिस हा या खेळातील एकच फटका असा, की तो स्वतःच्या वेळेने, उभ्या जागेवरून, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूमागे न धावता मारता येतो. उंच, बळकट खेळाडूचे पाय गळाले तरी खांद्यात जोर उरलेला असेपर्यंत त्याची सर्व्हिस बरीचशी शाबूत राहते. परंतु ती परतवणाऱ्याला क्षणार्धात अंदाज बांधून बाजूला झेप घ्यावी लागते, आणि पाय गळालेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही. म्हणजे दोघेही थकले की दोघांचीही सर्व्हिस भेदणे अधिकाधिक दुष्कर होते, आणि दोन गेमची आघाडी दूर दूर जाते. सामना लांबल्याने थकवा येतो आणि थकव्याने सामना लांबतो, असे हे चक्र आहे. जुन्या नियमात ते तोडण्याची कोणतीही तरतूद नव्हती.

जुन्या काळी ही गोष्ट खेळाडूंच्या नशिबावर सोपवलेली असे. १९१९ च्या विम्बल्डनमध्ये वीस वर्षांच्या सुझान लांग्लेनने चाळिशीतील डोरोथिया लँबर्ट चेंबर्सशी अंतिम सामना १०-८, ४-६, ९-७ असा जिंकला, तेव्हा तिच्या अंगात त्राण राहावे म्हणून तिच्या वडिलांनी तिच्याकडे ब्रँडीची साखर पोचवली होती. बाजू बदलताना बसायला खेळाडूंना खुर्च्या विम्बल्डनने दिल्या त्या १९७५ मध्ये. तोवर घोटभर पाणी पिऊन, तोंड पुसून उभ्याउभ्याच पलीकडे जायचे, हा तेथला दस्तुर होता. १९५३ मध्ये यारोस्लाव ड्रॉबनी आणि बज पॅटी हे दोघे मित्र तिसऱ्या फेरीत समोरासमोर आले. पॅटीने सहा मॅचपॉइंट मिळवले आणि सहाही गमावले; अंधार दाटत आला असता ड्रॉबनीने ८-६, १६-१८, ३-६, ८-६, १२-१० असा विजय मिळवला. ९३ गेम झाले. मात्र दुखावलेल्या पायाने पुढे खेळणाऱ्या ड्रॉबनीला त्या वर्षीचे विजेतेपद मिळाले नाही. उपान्त्य फेरीत तो बिगरमानांकित कुर्ट नील्सनकडून हरला. त्याचे नाव विजेत्यांच्या यादीत चढले ते पुढच्या वर्षी.

त्याच पुढच्या वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानातल्या न्यूपोर्ट गावी असाच एक सामना झाला. हॅमिल्टन रिचर्डसनने स्ट्रेट क्लार्कला ६-३, ९-७, १२-१४, ६-८, १०-८ असे नमवले. ८३ गेम आणि चार तासांहून अधिक वेळ. ज्या दुहेरीच्या सामन्यासाठी लोक खोळंबले होते तो सामना मुख्य मैदान रिकामे होईना म्हणून बाजूच्या मैदानावर हलवावा लागला. तेथील कारभार ज्यांच्याकडे होता त्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांना ही गोष्ट फार लागली. हे गृहस्थ श्रीमंत घराण्यातले, केंब्रिजमध्ये शिकलेले, आणि टेनिसचा जो भिंतींच्या आतला प्राचीन पूर्वज आहे त्या खेळाचे अमेरिकेतील राष्ट्रीय विजेते. परंपरेचे त्यांना वावडे होते असे म्हणण्याची सोय नाही, कारण टेनिसच्या थोर खेळाडूंचे स्मृतिमंदिर न्यूपोर्टला त्यांनीच त्या वर्षी उभारले. परंपरेवर इतके प्रेम असलेल्या माणसानेच तिच्यातील सर्वांत जुना दंडक मोडायला निघावे, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. बाहेरच्याला जो नियम केवळ गैरसोयीचा वाटला असता, तो खेळाच्या जिवावर उठला आहे हे आतल्या माणसालाच उमगू शकत होते.

व्हॅन अ‍ॅलन यांनी गुणमोजणीची एक सबंध नवी पद्धतच रचली. पंधरा, तीस, चाळीस ही मोजणी टाकून एक, दोन, तीन असे सरळ मोजावे, ड्यूसचे हेलपाटे बंद करावेत, अशी तिची कलमे होती, आणि १९६५ मध्ये न्यूपोर्टला व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरवून त्यांनी तिचा प्रयोगही करून पाहिला. तिच्यातील बहुतेक कलमे टेनिसच्या मुख्य प्रवाहाने नाकारली. सेट बरोबरीत अडकला की एका छोट्या, ठराविक गुणांच्या झुंजीने त्याचा फैसला करावा, हे एक कलम मात्र तगले.

त्याला बळ मिळाले ते चार वर्षांनी. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत ४१ वर्षांचा पांचो गोंझालेस आणि त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान चार्ली पासारेल यांची गाठ पडली. पहिला सेट २४-२२ असा पासारेलने घेतला. तोवर संध्याकाळ झाली होती. चेंडू दिसत नाही म्हणून खेळ थांबवा, असे गोंझालेस पंचांना परोपरीने विनवीत राहिला, ते मान्य झाले नाही, आणि दुसरा सेट त्याने संतापाच्या भरात १-६ असा घालवला. मैदानाबाहेर जाताना लोकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी काय पाहिले? तिसरा सेट १६-१४, चौथा ६-३, आणि पाचव्यात मॅचपॉइंटच्या कड्यावर सात वेळा उभा राहून सातही वेळा मागे फिरलेला, रॅकेटवर भार देऊन उभा राहणारा एक प्रौढ पुरुष, ज्याने ९-९ नंतरचे दोन गेम लागोपाठ घेतले. ११२ गेम, ५ तास १२ मिनिटे. वय, अपमान आणि अंधार या तिघांवर मात करणारा तो विजय पुढच्या पिढ्यांनी योग्य त्या आदराने स्मरणात ठेवला आहे. त्याबरोबरच, अशा सामन्याचे वेळापत्रक कोण कसे आखणार, हा प्रश्न व्यवस्थापकांपुढे राहिलाच.

उत्तर अमेरिकेने दिले. १९७० च्या यूएस ओपनमध्ये, ग्रँड स्लॅम स्पर्धांत प्रथमच, ६-६ या बरोबरीवर टायब्रेकर खेळला गेला. व्हॅन अ‍ॅलन यांना पसंत असलेला प्रकार नऊ गुणांचा होता: पाच गुण प्रथम मिळवील त्याचा सेट, आणि ४-४ झाले तर पुढचा एकच गुण निर्णायक. तो चालू झाला की मैदानावर लाल निशाण लावीत. खेळाडूंना त्या एका गुणाची धास्ती वाटे, आणि १९७५ पासून तेथे सात गुणांचा, परंतु दोन गुणांची आघाडी मागणारा प्रकार आला, जो आज जगभर रूढ आहे. व्हॅन अ‍ॅलन यांना ही तडजोड रुचली नाही. दोन गुणांच्या आघाडीची अट घालून जुन्या अनंततेला मागच्या दाराने पुन्हा आत घेतले, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तर्क म्हणून तो बिनतोड आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतील रिचमंडला विकी नेल्सन आणि जीन हेप्नर यांचा अवघ्या दोन सेटचा सामना साडेसहा तास चालला, त्यातील टायब्रेकर १३-११ पर्यंत गेला, आणि त्यात एका गुणासाठी चेंडू ६४३ वेळा जाळ्यापार झाला.

विम्बल्डनने १९७१ मध्ये टायब्रेकर मंजूर केला, तोही ८-८ झाल्यावर. ६-६ ची मर्यादा तेथे १९७९ मध्ये आली. टायब्रेकर मंजूर होण्याच्या आदल्याच वर्षी, १९७० च्या महिलांच्या अंतिम सामन्यात, घोटा दुखावलेल्या मार्गारेट कोर्टने गुडघा दुखावलेल्या बिली जीन किंगवर १४-१२, ११-९ असा विजय मिळवला होता. मात्र निर्णायक सेटला टायब्रेकर लागू करण्यास विम्बल्डनने नकार दिला. अखेरचा सेट खेळूनच जिंकला पाहिजे, तेथे तोडगा नको, ही भूमिका होती, आणि ती क्षुद्र होती असे मी म्हणणार नाही. पराक्रमाची कसोटी अखेरीस निर्भेळ असावी ही भावना तिच्यामागे होती.

त्या भावनेची परीक्षा २०१० मध्ये झाली. २२ जून रोजी सायंकाळी १८ क्रमांकाच्या मैदानावर जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पहिल्या फेरीचा सामना सुरू झाला, दोन-दोन सेटच्या बरोबरीवर अंधारामुळे तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी पाचवा सेट सुरू होऊन ५९-५९ वर पुन्हा अंधार पडला. तिसऱ्या दिवशी ७०-६८ अशा गेमनी इस्नर जिंकला. विजेचा गुणफलक ४७-४७ वर बंद पडला, कारण याहून मोठ्या आकड्यांची तजवीज त्यात केलेलीच नव्हती. एकूण ११ तास ५ मिनिटे. त्यांतील ८ तास ११ मिनिटे एकट्या पाचव्या सेटची, म्हणजे त्यापूर्वीच्या कोणत्याही संपूर्ण सामन्याहून अधिक. इस्नरच्या ११३ आणि माहूच्या १०३ सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटला न लागताच गेल्या. वर सांगितलेले थकव्याचे चक्र इतक्या नग्न स्वरूपात पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

आणि जिंकलेल्याला काय मिळाले? विजयाच्या दुसऱ्याच दिवशी इस्नर पुढच्या फेरीत उतरला आणि तीमो दे बाकर याच्याकडून ६-०, ६-३, ६-२ असा ७४ मिनिटांत हरला. मला जो मुद्दा निर्णायक वाटतो तो हा आहे. अमर्याद सेट हरणाऱ्याला एकदाच हरवतो, जिंकणाऱ्याला मात्र जिंकल्याची किंमत पुढच्या फेरीत भरायला लावतो, आणि ज्याने आपला सामना दोन तासांत आटोपला अशा तिसऱ्याच माणसाला त्याचा लाभ देतो. पराक्रमाची निर्भेळ कसोटी म्हणून जपलेला नियम पराक्रम्यावरच उलटत होता. २०१८ मध्ये केविन अँडरसनने उपान्त्य सामन्यात इस्नरलाच ६ तास ३६ मिनिटांच्या झुंजीत अखेर २६-२४ असे नमवले, आणि अंतिम सामन्यात जोकोविचपुढे तो तीन सरळ सेटमध्ये पराभूत झाला. आपण जिंकलेल्या त्या सामन्यानंतर अँडरसनने स्वतःच नियम बदलण्याची मागणी केली. त्याच अँडरसनने सहा महिन्यांनी पुण्यात बालेवाडीला ३९ वर्षांच्या इवो कार्लोविचशी अंतिम सामना खेळला, ज्याचे तिन्ही सेट टायब्रेकरवर सुटले, ७-६, ६-७, ७-६. महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी दोन उंच सर्व्हिसबहाद्दरांची बरोबरी प्रत्यक्ष पाहिली, आणि तिला अंत असतो हेही पाहिले.

विम्बल्डनने २०१९ पासून निर्णायक सेटला १२-१२ वर टायब्रेकर लावला, आणि पहिल्याच वर्षी जोकोविच आणि फेडरर यांचा अंतिम सामना नेमका तेथे पोचला. मार्च २०२२ मध्ये चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांनी मिळून ठरवले की अखेरच्या सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेकर खेळावा. त्या दिवसापर्यंत जुना दंडक फक्त पॅरिसला उरला होता. देहाची कसोटी यामुळे संपेल अशी भीती ज्यांना वाटत होती, त्यांनी त्याच पॅरिसमधील ८ जून २०२५ चा अंतिम सामना आठवावा: अल्काराझ दोन सेट मागे पडला, चौथ्यात सिनरचे तीन विजयाचे गुण त्याने परतवले, ५ तास २९ मिनिटे दोघे लाल मातीवर धावले, आणि निर्णायक सेटमध्ये ६-६ झाल्यावर त्याने टायब्रेकर १०-२ असा घेतला.