भास्कराचार्य, कांद्याचा भाव आणि सत्तावन्न पटींचा घोळ

आजचा भाग मार्केट यार्डातून. मागे हमालांचं "सरका, सरका" ऐकू येईल, ते मुद्दाम काढलेलं नाही.

इथे माझ्या मामाचा कांद्याचा गाळा आहे. गेल्या वर्षी मी त्याला म्हटलं, "मामा, जुने भाव दे, वर्षभरात भाव कसा चढतो-उतरतो ते काढून देतो." शाळेतली साइनची लाट आठवतेय? तीच. कॉम्प्युटरने तीन आकडे शोधायचे: सरासरी भाव, लाटेची उंची आणि लाट कुठून सुरू होते तो कोन. लाट आणि खरे भाव यांतला एकूण फरक सगळ्यात कमी झाला पाहिजे.

यासाठीची एक रीत फ्रेंच गणिती कोशी यांनी 1847 मध्ये मांडली. उभे आहात तिथला उतार बघा, खालच्या दिशेने पाऊल टाका, पुन्हा बघा. हा उतार म्हणजे ग्रेडियंट. त्याचं सूत्र मी हाताने लिहिलं आणि प्रोग्रॅम अर्ध्यातच थांबला. लाट भलत्याच महिन्यात वर! मामा म्हणाला, "तुझ्या भरवशावर माल धरून ठेवला असता, तर सडला असता की रे." ते लागलं.

उत्तराचा धागा मला पावणेनऊशे वर्षं मागे सापडला. 1150 मध्ये भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. ग्रहाची गती काढायच्या त्यांनी दोन रीती सांगितल्या. स्थूल, म्हणजे दोन दिवसांच्या जागांची वजाबाकी. आणि तात्कालिक, म्हणजे त्या क्षणाची, कोज्या वापरून सूत्राने काढलेली. हे सूत्र त्यांच्याही आधी, मुंजालांच्या 'लघुमानसा'त दिसतं. चंद्राची गती झपाट्याने बदलते, म्हणून तिथे तात्कालिकच हवी.

मी नुसत्या सूत्रावर विसंबलो होतो. मग स्थूल रीतीने ताळा घेतला. एकेक आकडा किंचित वाढवायचा, किंचित कमी करायचा, दोन्ही वेळच्या फरकांची वजाबाकी करून मधल्या अंतराने भागायचं.

किंचित म्हणजे किती? फार मोठं पाऊल घेतलं तर उतारच बदलतो. फार छोटं घेतलं तर कोथिंबिरीची जुडी ट्रकसकट भुईकाट्यावर तोलल्यासारखं होतं: दोन प्रचंड वजनं जवळजवळ सारखी, आणि वजाबाकीत उरते ती काट्याची चूक. कॉम्प्युटरला जेमतेम 15-16 अंक आठवतात. म्हणून 0.00001 पासून सुरुवात बरी.

पहिले दोन उतार जुळले. तिसरा, कोनाचा, 57.3 पट मोठा! 180 भागिले पाय करून बघा. कोन मी अंशांत दिला होता, सूत्र रेडियनचं लिहिलं होतं.

भास्कराचार्य इथे फसले नसते. परिघ 21,600 कला धरला की त्रिज्या 3438 कला येते. तीच त्यांची त्रिज्या. कोन आणि ज्या एकाच मापात, आणि सूत्रात कोज्येला त्रिज्येने भागायचं. ही काळजी त्यांच्या सूत्रातच होती, माझ्यात नव्हती.

एक ओळ दुरुस्त केली आणि प्रोग्रॅम शेवटपर्यंत गेला. तुम्हीही असं काही लिहीत असाल, तर सायपायमध्ये चेक_ग्रॅड आहे. पण ते एकच आकडा देतं. घोळ कुठे आहे ते कळायला प्रत्येक उतार वेगळा तपासा.

मामाला नवी लाट दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, "बरी आहे. पण अवकाळी पाऊस कुठल्या आकड्यात बसवलास?"

त्यावर पुढच्या भागात बोलू. भेटूया!