कोरं पत्र, आगगाडीतला अनोळखी माणूस आणि लक्ष्मीबाईंचं सोवळं

आपल्या पुणतांब्याला चांगदेव महाराजांची समाधी, त्यामुळे कोऱ्या पत्राची गोष्ट इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ज्ञानेश्वर वयानं लहान, ज्ञानानं मोठे. मायना काय लिहावा, नमस्कार की आशीर्वाद? चांगदेव तिथंच अडले आणि कोरा कागद धाडला. समोरचा नेमका कोण, हे ठरेना! शुभवर्तमानात येशूही शिष्यांना हेच विचारतो: लोकांचं राहू द्या, तुम्ही मला कोण समजता?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच नगर जिल्ह्यात एका नवरा-बायकोनं जगून दिलं.

नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास आगगाडीनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्यानं वाद घातला नाही, बायबल हातात ठेवलं आणि वाचा म्हणाला. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले ते थांबलेच. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. 

नगरला अमेरिकन मिशन 1831 पासून होतं, 'ज्ञानोदय' 1842 पासून निघत होता. तरी गावोगावच्या लोकांना हा 'साहेबाचा देव'च वाटायचा, आणि त्यात लोकांचं फार चुकत होतं असंही नाही. भजनं तरी कसली, बरीचशी इंग्रजी चालीवरची! टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, ख्रिस्ताला गुरू म्हटलं, माउली म्हटलं. आपण तुकोबांच्या वाटेनंच इथवर आलो, हे ते उघड सांगत. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये अजून म्हणतात.

पण माझ्या मते खरी गोष्ट लक्ष्मीबाईंची. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या कोसळल्या. पुढे नगरला त्याच्याजवळ आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. 'स्मृतिचित्रे'त बाई प्रांजळपणे सांगतात की जाती देवानं केल्या की माणसानं, हा विचार त्यांच्या डोक्यात स्वतःहून घोळू लागला. माणसानंच केल्या असं ठरलं, तेव्हा कुणाच्याही हातचं खायची त्यांची तयारी झाली. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. आधी पंगत, मग पाणी! नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या काळात एका ब्राह्मण बाईनं असं करणं काय होतं ते कळतं. चर्चमध्येही जात सोडून आत जाणारे थोडेच असतात. हे आजचंही बोलतोय, राग आला तर येऊ द्या.

त्यांच्या घरात अनाथ मुलं वाढली. बालकवी ठोंबरे घरच्या मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. त्यावरून टिळकांची माया कमी झाली नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. 1919 मध्ये ते गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. त्या 1936 मध्ये वारल्या, ग्रंथ 1938 मध्ये छापून आला.