परभणीचं बियाणं, औट्रम घाट आणि मोटारसायकल : लांबच्या वाटेसाठी आपण गाडी कशी निवडत आलो



दिवाळीनंतर आमच्या गावातली पाच पोरं मोटारसायकलवर शेतपाहणीला निघणार आहेत. आधी बदनापूरचं संशोधन केंद्र, मग कडवंचीची द्राक्षं अन् शेततळी, तिथून परभणी, पुढं अकोला, जळगाव आणि चाळीसगावहून औट्रम घाट चढून घरी. आडवळणं धरली तर आठ-नऊशे किलोमीटरचा फेरा. त्यातल्या एकाच्या हातात मकाचे पैसे आलेत. परवा बांधावर येऊन विचारतो, "काका, लांबच्या प्रवासाला कोणती गाडी घेऊ? साडेतीनशे सीसीची बघितलीय, हप्त्यावर मिळती."

मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, लिहून सांगतो. कारण हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. तीन पिढ्यांनी तो सोडवलाय, आणि प्रत्येक पिढीचं उत्तर वेगळं आलंय.

माझ्या वडिलांच्या काळात निवड अशी नव्हतीच. कारखान्यांना परवाने मोजके अन् गाड्या त्याहून मोजक्या. मोटारसायकल म्हटली की तीन नावं. मद्रासची बुलेट, जी 1955 पासून तिथं बनायला लागली. म्हैसूरची जावा, जी पुढं येझदी झाली. आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, मूळ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. बुलेट फौजदाराची, जावा कॉलेजातल्या प्राध्यापकाची अन् राजदूत दूधवाल्याची आणि शेतकऱ्याची, असं लोक म्हणायचे. वडिलांनी राजदूत घेतली, तीही जुनी.

ती घेण्याचं कारण फिरणं नव्हतं, बियाणं होतं. 18 मे 1972 ला परभणीला कृषी विद्यापीठ झालं. त्याच साली दुष्काळ. त्यानंतर ज्याला सुधारित वाण पाहिजे त्याला परभणी नाहीतर बदनापूर गाठणं भाग होतं. एसटी होती, पण बदल्या करत जायचं म्हणजे मुक्काम आला, आणि पोतं टपावर टाकलं की जीव टांगणीला. राजदूतवर पहाटे निघालं की दुपारी परभणी. येताना पोतं मागच्या कॅरिअरला सुतळीनं आवळलेलं. आपल्या भागातलं लांब पल्ल्याचं टूरिंग म्हणा की काय, ते असं सुरू झालं.

राजदूतचं इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरमागं साधारण 40 मिली. इंजिनाला वंगण मिळायचं ते त्या मिसळलेल्या पेट्रोलमधूनच. सपाट रस्त्यावर काही अडचण नव्हती. पण कन्नडहून चाळीसगावकडं औट्रम घाट उतरताना माणूस काय करणार? अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडणार. पेट्रोल आत जाणं कमी झालं की ऑइलही कमी, अन् इंजिन मात्र उताराच्या जोरावर फिरतच असतं. गरम होऊन पिस्टन आवळतो अन् मागचं चाक जागेवर थांबतं. म्हणून वडील उतारावरही मधून मधून अ‍ॅक्सिलेटर द्यायचे. लहानपणी मला वाटायचं, घाटात आवाज काढायची त्यांना हौस आहे.

दुसरं म्हणजे टू-स्ट्रोक गाडी गिअरमध्ये फारशी अडत नाही. सगळा भार ब्रेकवर, अन् ब्रेक ड्रमचे. तिसरी गोष्ट उजेडाची. सहा व्होल्टचा दिवा, इंजिन हळू झालं की तोही मंद. म्हणून अंधार पडायच्या आत घर गाठायचं, हा घरचा नियमच होता.

मधे एक गाडी खास आपल्यासारख्यांसाठी आली होती. डिझेल बुलेट. 1980 अन् 90 च्या दशकात दिसायची. ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं 325 सीसीचं इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवरच्या आसपास. शेतात जे छोटं डिझेल इंजिन फटफट करत पाणी ओढतं, त्याच जातीचं. पेट्रोलच्या गाडीपेक्षा अ‍ॅव्हरेज कितीतरी जास्त, वर डिझेल स्वस्त, अन् डिझेलचा ड्रम तर घरातच. पण वेग साठ-पासष्टच्या पुढं जात नव्हता आणि हादऱ्यानं हाताला मुंग्या यायच्या. प्रदूषणाचे नियम कडक झाले अन् ती बंद पडली. कागदावर सगळा हिशोब जमतो, पण दोनशे किलोमीटर बसल्यावर पाठ काय म्हणते ते कागदावर नसतं. डिझेल बुलेटनं एवढं शिकवलं.

खरा पालट झाला 1985 ला. त्या साली दोन गोष्टी घडल्या. एक, हिरो होंडाची सीडी-100 आली. फोर-स्ट्रोक. कंपनी लिटरला 80 किलोमीटर सांगायची. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं थोडं पेट्रोल दर फेऱ्याला सायलेन्सरवाटे निघून जातं, फोर-स्ट्रोकमध्ये ते वाचतं. ऑइल वेगळं, म्हणून घाटात इंजिन आवळायची भीती नाही, आणि गिअरमध्ये गाडी अडतेही चांगली. दुसरी गोष्ट आपल्या दारात घडली. 5 नोव्हेंबर 1985 ला वाळूजला बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते. सोळा महिन्यांत कारखाना उभा राहिला होता. पुढच्याच साली एम-80 अन् कावासाकी बजाज केबी-100 बाजारात आल्या.

वाळूजच्या शिवारात आधी बाजरी अन् कपाशी होती. ज्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या, त्यांतल्या काहींची पोरं कामगार झाली, काहींनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, काहींचे पैसे आले तसे गेले. हे लिहिणं जरूर आहे, कारण गाडी स्वस्त झाली असं आपण म्हणतो तेव्हा त्यात कुणाचीतरी जमीनही आहे.

त्याच काळात आरएक्स-100 पण आली, टू-स्ट्रोक, पळायला वाघ. पोरांचा जीव तिच्यावर. पण परभणीच्या वाटेवर टिकली ती फोर-स्ट्रोक 100 सीसी. 1994 ला स्प्लेंडर, 1997 ला बॉक्सर. यांच्यात ताकद नव्हती, पण ज्या गावात पंचरचं दुकान, त्या गावात यांचा क्लच वायर, प्लग अन् चेन मिळायची. बॉक्सर तर पुढं आफ्रिकेत गेली. युगांडात तिच्यावर केळीचे घड लादून बाजारात नेतात, सवारी पण वाहतात, बोडा बोडा म्हणतात त्याला. तिथल्या माणसानंही तीच गाडी निवडली, कारण तिथंही शोरूम लांब अन् मेस्तरी जवळ.

इथपर्यंत आमच्या घरचा नियम सोपा होता. जिचा मेस्तरी वाटेत भेटेल ती गाडी. हा नियम अपुरा आहे हे आम्हाला उशिरा कळलं, अन् त्याची किंमत माझ्या चुलत भावानं दिली.

जूनचा पहिला पाऊस. तो परभणीहून बियाणं घेऊन येत होता, 100 सीसीच्या गाडीवर, मागं 30 किलोची सोयाबीनची पिशवी. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकलेला. पुढं म्हैस आडवी आली. त्यानं दोन्ही ब्रेक दाबले, चाकं अडली अन् गाडी घसरली. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. मांडीत रॉड पडला, अन् तो हंगाम त्याचा पूर्ण गेला. बियाणं पेरायला तो नव्हताच. आज तो चालतो, पण नांगराच्या मागं दिवसभर नाही. चूक गाडीची नव्हती, रस्ता अन् वजन दोन्ही तसंच होतं. पण त्या दिवसापासून आमच्या यादीत मेस्तरीच्या वर ब्रेक आला.

2001 ला पल्सर आली होती, दीडशे अन् एकशेऐंशी. तिनं लोकांना पुढच्या डिस्क ब्रेकची सवय लावली. मग एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू नये म्हणून ब्रेक क्षणाक्षणाला सैल-घट्ट होतो. 125 पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. चिखलाच्या डांबरावर या दोन्हींत फरक आहे, अन् तो फरक आमच्या घरानं पाहिलाय.

आता या पोराच्या प्रश्नाकडं येतो.

आधी पेट्रोल. 900 किलोमीटरला 65 च्या अ‍ॅव्हरेजची गाडी 14 लिटर पिईल, 35 ची गाडी 26 लिटर. फरक 12 लिटरचा. लिटर 105 रुपये धरा, साडेबाराशे रुपये झाले. वर्षातून एक-दोन फेऱ्यांसाठी हे काही मोठं नाही. पेट्रोलवरून मोठ्या गाडीला नावं ठेवू नका. खरा फरक किमतीचा. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तरी 100 अन् 350 च्या गाडीत मोठं अंतर आहे. ते हप्त्यात जातं. हप्ता दर महिन्याला येतो आणि आपलं पीक वर्षातून दोनदा, तेही आलं तर.

मग वजन. साडेतीनशेची गाडी पावणेदोनशे किलोच्या पुढं. डांबरावर ती मस्त बसते, वारा लागत नाही, पाठ दुखत नाही, हे खरं आहे. पण आपला दौरा शेवटी बांधापर्यंत जातो. काळ्या मातीत ती आडवी झाली तर एकट्यानं उचलून बघ आधी, मग ठरव.

आणि इथेनॉल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्याच मका-उसाचं, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप अन् वॉशर ते खातं, पाणीही धरतं. जुनी गाडी पावसाळाभर उभी ठेवून थेट लांब नेऊ नका. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा, पाइप तपासा.

म्हणून माझं मत असं. 150 ते 160 सीसीची, एबीएसवाली, ट्यूबलेस टायरची गाडी. वापरलेली चालेल, पण 2019 च्या एप्रिलनंतरची. एप्रिल 2023 नंतरची मिळाली तर उत्तम, इथेनॉलला तिचं रबर टिकतं. मकाच्या पैशात बसेल तीच, हप्ता नको. निघायच्या आधी चेन, ब्रेक लायनर अन् मागच्या टायरची नक्षी बघायची. पिशवी कॅरिअरच्या मागं लोंबकळत नको, सीटवर अंगाला लागून बांधायची. अन् वडिलांचा नियम तसाच : अंधाराआधी मुक्काम.

पोरानं वाचून फोन केला. म्हणाला, "काका, मोठी गाडी मनातून जात नाही." मी म्हटलं, जाऊ देऊ नको. दोन हंगाम रोख पैसे साठव, मग घे, मीच मागं बसून येतो. सध्या रविवारी आम्ही दोघं एक दीडशेची वापरलेली गाडी बघायला चाललोय. सोबत माझा चुलत भाऊ येतोय. ब्रेक तो तपासणार आहे.

तुमच्या घरात पहिली मोटारसायकल कोणती आली, अन् तिच्यावर सगळ्यात लांब कुठं गेलात, जरूर लिहा.