काडेपेटीतली गाडी

इंग्लंडमधल्या एका शाळेत नियम होता : मुलांनी काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणावे. ‘लेस्नी’ या लंडनच्या कारखान्याचे भागीदार जॅक ओडेल यांची मुलगी त्या शाळेत जात असे. ओडेल यांनी तिला कारखान्यातल्या रोडरोलरची चिमुकली पितळी प्रतिकृती करून दिली. वर्गातल्या इतर मुलांनाही ती हवीशी झाली आणि १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या.

गाडी मिळे ती काडेपेटीसारख्याच कागदी डबीत. मुले डबी फाडून टाकत आणि गाडी अंगणात, जिन्यावरून, मातीतून पळवत. रंग उडे, चाके निखळत. पुढे हीच मुले मोठी होऊन जुन्या गाड्या शोधू लागली, तेव्हा धड डबीतली गाडी विरळा झाली होती. साहजिकच तिचा भाव चढला. म्हणजे दुर्मीळपणा घडवला खेळलेल्या मुलांनी, मोल आले न खेळलेल्या गाडीला.

इथवर सारे नकळत घडले होते. १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘बीनी बेबीज’ या कापडी प्राण्यांच्या बाबतीत क्रम उलटला. ‘टाय’ कंपनी एकेक प्राणी बनवणे बंद करी, की त्याचा भाव वाढे. घरोघरी ताकीद मिळू लागली : कानाला लावलेली बदामाच्या आकाराची चिठ्ठी दुमडू नकोस. त्या चिठ्ठीसाठी प्लॅस्टिकची आवरणेही विकली गेली. टंचाई आता ठरवून केली जात होती, आणि लहान मुलाच्या हातात खेळण्याऐवजी ठेव आली होती. दशक संपता संपता भाव कोसळले. जपून ठेवलेले ढीगभर प्राणी ना विकले गेले, ना खेळले गेले.

हे लिहिताना मी स्वतःला वेगळे काढू शकत नाही. लहानपणी मामाने दिलेली मॅचबॉक्स मी वर्षभरात मोडली होती. तीच गाडी डबीसकट पन्नाशीत विकत घेतली, ती संशोधनासाठी, असे स्वतःला बजावून. दिवाळीत भाचीचा मुलगा घरी आला. कपाटाच्या काचेला नाक लावून त्याने विचारले, “आजोबा, ही चालते का?”

“जुनी आहे रे,” मी म्हणालो.

खरे तर ती उत्तम चालते. त्याने पुन्हा विचारले नाही.